तळघर, ऑफिस आणि उपासाची भाजणी

आमचं तळघर कोणी बांधलेलं नाही. ते आपोआप झालं.

बाबांनी मुलुंडला ही जागा घेतली तेव्हा खाली पिठाची गिरणी आणि वर राहायचं घर असा सरळ मामला होता. गिरणी रस्त्याच्या बरोबरीला होती. मग रस्ता नवीन झाला आणि वीतभर वर आला. काही वर्षांनी परत नवीन झाला, परत वीतभर वर. डांबराचा झाला, पेव्हर ब्लॉकचा झाला, काँक्रीटचा झाला. दर वेळी बाबांना दारात एक नवी पायरी बांधावी लागली, आणि तीही खाली उतरणारी! शेवटी एक दिवस माझ्या लक्षात आलं की गिरणीच्या खिडकीतून आता माणसं दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. टॉवरवाले ज्याला बेसमेंट म्हणून जाहिरातीत मिरवतात, ते आम्हाला बसल्या जागी मिळालं होतं.

बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी आम्ही त्यांना गिरणी बंद करायला लावली. करायला लावली म्हणजे मी रोज भांडले. बाबा मूळचे मालवणचे. एरवी साधं मुंबईचं मराठी बोलतात, पण राग आला किंवा गहिवरून आलं की थेट मालवणीत शिरतात. गिरणी बंद झाली त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत मालवणीत होते.

गिरणी बंद झाली तरी मशीन मात्र तिथेच राहिलं. भंगारवाला आला, त्याने मशीनकडे पाहिलं, मग रस्ता वर आल्यामुळे बुटक्या झालेल्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, ये अंदर गया कैसे?"

"ती खंय गेली नाय," बाबा म्हणाले. "रस्तो वर इलो!"

त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो नमस्कार करून गेला. मशीन जाणार नाही म्हटल्यावर बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला कटिंग चहा स्वतः करून दिला.

आता माझ्याबद्दल. मी वैशाली. एका विमा कंपनीसाठी लोकांची हॉस्पिटलची बिलं तपासते. लॉकडाऊनपासून डायनिंग टेबलावर बसून, एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी पित्ताशयाचं ऑपरेशन, असं माझं छान चाललं होतं. मग कंपनीचा फतवा आला. ज्यांना घरूनच काम करायचंय त्यांच्याकडे स्वतंत्र खोली हवी. खोलीला कुलूप हवं. आत दुसऱ्या कोणाचं येणं-जाणं नको, कारण पेशंटची माहिती गुप्त असते. हैदराबादचे श्रीनिवासन सर व्हिडिओवर खोलीची तपासणी करणार. पास झालं तर घरून काम कायम. नापास झालं तर पुढच्या महिन्यापासून हैदराबादच्या ऑफिसात हजर व्हायचं!

हैदराबाद! नवरा नितीन इथल्या शाळेत गणित शिकवतो, मुलगी रुचा दहावीला, बाबांचे गुडघे हे असे. मी गेले तर घराचं काय आणि नाही गेले तर नोकरीचं काय? नितीनला सांगितलं तर म्हणाला, "टेन्शन नको घेऊस." नितीन घरात एवढं एकच वाक्य बोलतो. बाकीची सगळी तो शाळेत वापरून येतो.

वर बेडरूममध्ये रुचाचा अभ्यास, हॉलमध्ये बाबा आणि टीव्ही. राहिलं तळघर.

"बाबा, मी खाली ऑफिस करू?"

बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "कर गो. ती बिचारी एकटीच असा थंय."

ती म्हणजे गिरणी.

मग मी जी साफसफाईला लागले, ती माझ्या सासरच्यांनी पाहिली असती तर मला लग्नातच जास्त मान दिला असता. जुन्या गिरणीत पीठ कुठे नसतं ते सांगा! भिंतीत होतं, पंख्याच्या पात्यांवर होतं, ट्यूबलाइटच्या पट्टीत होतं, बाबांनी टांगलेल्या गणपतीच्या सोंडेखाली होतं. ब्रश झाला, व्हॅक्यूम क्लीनर झाला, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पाइप आणून झाला. मला सारखं वाटायचं, सर व्हिडिओवर बघतायत आणि वरून एक पिठाचा लोट माझ्या डोक्यावर पडतोय. म्हणून मी मशीनही सोडलं नाही. बाबांना बसवून दगड उघडायला लावले, आतल्या खाचा जुन्या टूथब्रशने घासल्या, गरम पाण्याच्या फडक्याने पुसल्या, पंख्याखाली वाळवल्या. बाबा स्टुलावर बसून डोळे भरून बघत होते. मला वाटलं, पोरगी किती राबतेय म्हणून.

रंग लावला. टेबल आलं, कमरेला आधार देणारी खुर्ची आली. मशीनवर मी निळी कोरी चादर टाकली आणि त्यावर मनी प्लांट ठेवला. भिंतीवर गिरणीचा स्टार्टर होता, तो लोखंडी डबा, हिरवं आणि लाल बटण असलेला. त्याच्यावर मी एका शांत तळ्याचं चित्र टांगलं. व्हिडिओत इतकं सुंदर दिसत होतं की मीच थोडा वेळ माझ्याकडे बघत बसले.

इथपर्यंत सगळं झकास होतं. माझं तोंड बंद राहिलं असतं तर पुढेही झकासच झालं असतं.

समोरच्या बिल्डिंगमधल्या मालतीकाकू ऑफिस बघायला आल्या. काकू म्हणजे बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकट्या राहतात, मुलगा परदेशात, आणि त्यामुळे आख्ख्या गल्लीची शिस्त सांभाळायला त्यांना भरपूर वेळ असतो.

"पितृपक्षात ऑफिस सुरू करतेस?" आल्या आल्या काकू म्हणाल्या.

"सुरू नाही हो काकू. नुसती तपासणी आहे सोमवारी."

काकूंनी टेबलावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून बघितलं. "छान पुसलंयस हं."

झालं! कौतुक ऐकून मी चढले.

"नुसतं टेबल काय, काकू! मशीनसुद्धा आतून घासलंय. गव्हाचा एक कण सापडला तर नाव बदलेन!"

काकू थांबल्या. "एकही कण नाही?"

"नाही!"

"ज्वारीबाजरीचा? डाळीचा? तांदळाचा?"

"काहीच नाही. दगडसुद्धा धुतल्यासारखे."

काकूंनी मशीनकडे, म्हणजे माझ्या निळ्या चादरीकडे, देवळात बघतात तसं बघितलं. मला वाटलं, काय ही माझ्या कष्टांची कदर!

नवरात्र आठवड्यावर आलं होतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ज्यांच्या घरी नऊ दिवसांचे उपास असतात त्यांना मी वेगळं सांगायला नको. उपासाची भाजणी, म्हणजे भाजलेला साबुदाणा, वरी, राजगिरा, जिरं, दळायची कुठे? चालू गिरणीत आधीच्याचा गहू अडकलेला असतो. तो भाजणीत मिसळला की उपास मोडला! म्हणून बाबा दर वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी गिरणी पुसून काढायचे आणि सकाळभर नुसती उपासाची दळणं घ्यायचे. बाबांची गिरणी बंद झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका मिक्सरवर वाटलेली भरडभाजणी खात होत्या आणि देवीची मनातल्या मनात माफी मागत होत्या. आणि आता सगळ्या मुलुंडमधली एकमेव गिरणी, जिच्यात गव्हाचा कण नव्हता, ती माझ्या ऑफिसात चादर पांघरून उभी होती. आणि हे मीच, नाव बदलायची पैज लावून, जाहीर केलं होतं!

त्यानंतर बाबा बदलले. सकाळी दाढी करायला लागले. गुणगुणायला लागले. जेवताना म्हणाले, "तुझी तपासणी सोमवारीच ना?"

"हो, सोमवारी अकराला."

"म्हणजे रविवार मोकळा," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाबांना माझ्या ऑफिसची एवढी काळजी! मी नितीनला म्हटलंसुद्धा, "बघ, बाबा किती खूश आहेत माझ्यासाठी."

"म्हटलं ना, टेन्शन नको घेऊस," नितीन म्हणाला.

रविवारी सकाळी मला आठवलं की खोलीच्या दाराला आतून कडीच नाही. जुनी गंजून पडली होती. कुलूपबंद खोली हवी म्हणून कंपनीने ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि मी मनी प्लांट घेऊन बसले होते! धावत स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. कडी-कोयंडा निवडते आहे तोच फोन वाजला. श्रीनिवासन सरांचा मेसेज. सोमवारी त्यांना अचानक प्रवासाला जायचं होतं, तेव्हा तपासणी आजच, दहाला.

आज! दुकानातल्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, जल्दी!" तो म्हणाला, "मॅडम, इतना नजदीक नहीं जायेगा." मी पळत सुटले. हातात कडी, पायात स्लीपर, तोंडाने जमतील तेवढे देव.

गल्लीत शिरले आणि आमच्या दारात रांग दिसली. माणसांची नव्हे, डब्यांची! स्टीलचे, ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकचे, झाकणावर नेलपॉलिशने नाव लिहिलेले. ओळीने पायऱ्या उतरत डबे थेट माझ्या ऑफिसात गेले होते. त्यांच्या मागोमाग मी गेले.

कमरेला आधार देणाऱ्या माझ्या खुर्चीत बाबा बसले होते. डोक्यावर त्यांची जुनी पांढरी टोपी. माझी निळी चादर जमिनीवर अंथरून तिच्यावर कोणाचा तरी राजगिरा गार करत ठेवला होता. मनी प्लांट माळ्यावर गेला होता. आणि खोलीभर बायका! मशीनच्या वरच्या तोंडात मालतीकाकू स्वतःच्या हाताने भाजणी ओतत होत्या.

"बाबा!" मी ओरडले. "हे काय?"

"अगो, तू सोमवार म्हणालंस ना?" बाबा निरागसपणे म्हणाले. "आज रविवार. दगडाक टाकी लावलंय बघ. नव्यासारखी झाली."

टाकी म्हणजे छिन्नीने दगडाला धार काढणं. हे काम त्यांनी मी घरात असताना, माझ्या नाकाखाली, कधी केलं ते त्यांनाच ठाऊक!

"सर आत्ता येतायत! व्हिडिओवर! दहाला! सगळ्यांनी बाहेर व्हा, प्लीज!"

कोणी हललं नाही.

"माझी भाजणी आत गेलीय," काकू म्हणाल्या. "ती टाकून मी कशी जाऊ?"

"माझा नंबर दुसरा आहे," मागून एक जण म्हणाली. "मी गेले की ही पुढे घुसेल."

"मी घुसेन? तूच मघाशी डबा सरकवलास!"

"अहो, माझी नोकरी जाईल!" माझा आवाज चिरकला. "हैदराबादला जावं लागेल मला! पोरीची दहावी आहे हो!"

हे मात्र लागलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि ते खुर्चीतून उठले. काकूंनी पदर खोचला.

"गप्प बसायचंय ना? बसतो. सगळ्यांनी मशीनच्या मागे! एक शब्द ऐकू आला तर मी आहे आणि तो माणूस आहे!"

पुढच्या काही मिनिटांत आम्ही जे केलं ते आठवलं तरी मला घाम फुटतो. राजगिरा डब्यात गेला, चादर झटकून परत मशीनवर गेली. बायका मशीनच्या मागे भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या. बाबा त्यांच्या शेजारी स्टुलावर. नितीन वरून आला, त्याने सगळं बघितलं, "टेन्शन..." म्हणून सुरुवात केली आणि माझा चेहरा बघून वाक्य अर्धं सोडून दारावर पहारा द्यायला गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

डबे मात्र राहिले. कोणीही स्वतःचा डबा रांगेतून उचलायला तयार नव्हतं. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

(सर इंग्रजीत बोलत होते, मी इंग्रजीत घाबरत होते. इथे मराठीत सांगते.)

"छान आहे खोली," सर म्हणाले. "कुलूप दाखव."

मी लॅपटॉप उचलून दाराकडे गेले आणि नवीकोरी कडी अंगठ्याने दाराला दाबून धरली. स्क्रू नव्हते, ठोकायला वेळ नव्हता. "ही बघा सर."

"सरकवून दाखव."

सरकवली असती तर ती खाली पडली असती. "सर, नवीन आहे, जरा घट्ट आहे," मी म्हटलं. सरांनी काहीतरी लिहून घेतलं.

"खोलीत आणखी कोणी आहे?"

"नाही, सर!" मी म्हटलं. मशीनमागे कोणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या आणि कोणीतरी मनगट धरल्यासारख्या एकदम थांबल्या.

"ते जमिनीवर काय आहे? डबे?"

"फाइली, सर."

"स्टीलच्या डब्यांत?"

"फायरप्रूफ, सर!"

मी माझ्यावरच खूश झाले. तोच मशीनच्या बाजूने एक हात आला, आणि तिसऱ्या नंबरचा डबा हळूच दुसऱ्याच्या पुढे सरकला. लगेच दुसऱ्या बाजूने दुसरा हात आला आणि डबा परत मागे गेला. मग पुढे. मग मागे. एवढ्या शांततेत एवढं मोठं भांडण मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"तो डबा हलला," सर म्हणाले.

"आमचा रस्ता वर आहे ना, सर. गाडी गेली की हादरे बसतात."

रस्ता तेव्हा ओस होता. सरांच्या कपाळावर आठी पडली आणि ते स्क्रीनच्या जवळ आले. कॅमेरा डब्यांवरून हटवायचा, कसाही हटवायचा, एवढंच मला कळत होतं.

"सर, तुम्हाला वीज दाखवते!" मी म्हटलं आणि लॅपटॉप भिंतीकडे फिरवला. "आमच्याकडे थ्री फेज आहे! पूर्ण इंडस्ट्रियल कनेक्शन! कधी लाइट जात नाही!"

शांत तळ्याचं चित्र मी उचलून बाजूला केलं. मागचा लोखंडी डबा सरांनी पाहिला.

"हे चालू आहे?"

"एकदम चालू आहे, सर!"

आणि मी, वैशाली, शिकलेली, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारी, मी स्वतःच्या बोटाने हिरवं बटण दाबलं.

"अगो!" मशीनच्या मागून बाबा ओरडले. "बाही बांधूक नाय अजून!"

पीठ जिथून बाहेर पडतं तिथे एक कापडी बाही असते. ती डब्याच्या तोंडाला बांधतात, म्हणजे पीठ उडत नाही. ही बाही बांधलेली नव्हती. आधी मोटर घरघरली, मग पट्टा फिरला, मग नव्याने धार काढलेले दगड असे काही कडाडले की लॅपटॉप माझ्या हातात नाचायला लागला. निळी चादर फुगली. फुगली, फुगली, आणि मग वर उडाली, आणि तिच्याखालून मालतीकाकूंची उपासाची भाजणी खोलीभर पसरली!

"माझी भाजणी!" काकू मशीनमागून पदर पसरून बाहेर आल्या, हवेतलं पीठ झेलायला. त्यांच्यामागून सगळ्या बायका आल्या, आपापले डबे वाचवायला. कोणी मला ढकललं, कोणी लॅपटॉपवरून हात फिरवून पीठ पुसलं, त्यामुळे सरांना एकेकीचा चेहरा अगदी जवळून दिसला. बाबा लंगडत लंगडत लाल बटणापर्यंत पोचले आणि मशीन थांबलं.

पीठ हळूहळू खाली बसलं. आम्ही सगळे पांढरेशुभ्र. भाजलेल्या जिऱ्याचा काय सुंदर वास सुटला होता!

"वैशाली," सर म्हणाले. "खोलीत किती माणसं आहेत?"

"सर, मी एकटीच..." मी म्हटलं. माझ्या दोन्ही खांद्यांवरून बायका डोकावत होत्या.

काकूंनी मला बाजूला सारलं आणि स्क्रीनसमोर हात जोडले. "नमस्ते साहब. उपवास का है. इसमें लडकी की कुछ गलती नहीं. इसने तो इतना साफ किया कि हमकोही मोह हो गया."

सरांनी कॅमेरा बंद केला. बराच वेळ नुसता काळा चौकोन. ते हसत होते असा माझा संशय आहे. ते अजून कबूल करत नाहीत. परत आले तेव्हा चेहरा गंभीर होता. "ही जागा नापास. पुढच्या रविवारी दुसरी खोली दाखव. नाहीतर हैदराबादचं तिकीट काढ."

लॅपटॉप मिटला आणि मी तिथेच जमिनीवर, पिठात, बसून रडले. लाज नाही वाटली. काळजी एवढे दिवस पोटात दाबून ठेवली होती, ती एकदम बाहेर आली. बाबा बाजूला येऊन उभे राहिले. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते.

"रडा नको गो," ते म्हणाले. "उद्या हातोडो आणतंय. फोडून टाकतंय हिका. तू जाव नको."

हे बोलताना त्यांचा दुसरा हात मशीनवर होता. मला आणखीच रडायला आलं.

"कोणी काही फोडणार नाही!" काकू म्हणाल्या. भुवयांसकट पांढऱ्या झालेल्या काकू फार भयंकर दिसत होत्या. "माझ्या मुलाची खोली रिकामी आहे. आजपासून ती हिचं ऑफिस. खोलीत माझ्या परवानगीशिवाय कोणी पाऊल टाकून दाखवावं!"

मी काकूंच्या गळ्यात पडले. त्या वेळी मला ते शेवटचं वाक्य फार गोड वाटलं होतं.

बाबांची गिरणी आता दर रविवारी चालते, तीही फक्त उपासाच्या दळणाला. भांडुप-ठाण्याहून बायका येतात. डबा त्यांचा त्या उचलतात, बाबा नुसतं स्टुलावर बसून मशीनवर आणि बायकांवर नजर ठेवतात. गुडघे म्हणे तेवढे दुखत नाहीत. मी टेबल-खुर्ची घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले आणि पुढच्या रविवारी पुन्हा सरांसमोर बसले.

"कुलूप?" सर म्हणाले.

मी दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. परत ओढली. तेवढ्यात बाहेर आवाज चढले. मी घाईत चार्जर घरी विसरले होते आणि नितीन तो द्यायला आला होता.

"अहो काकू, मी तिचा नवरा आहे!"

"असशील. पेशंटची माहिती गुप्त असते. चार्जर ठेव पायपुसण्यावर आणि नीघ!"

"काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"सर, मालकीणबाईंनी बाहेरून कुलूप लावलंय," मी म्हटलं. "किल्ली त्यांच्या कमरेला असते."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. एवढी सुरक्षित खोली आख्ख्या कंपनीत कोणी दाखवली नव्हती म्हणे. पास!

नोकरी वाचली, घर वाचलं, रुचाची दहावी इथेच पार पडली. मी सकाळी काकूंकडे जाते, त्या मला आत घालतात, कुलूप लावतात आणि भाजी आणायला जातात. भाजीवाल्याशी त्यांचं रोज भांडण असतं, ते मिटवून आल्या की मला जेवायला सोडतात. मध्ये काही लागलं तर मी खिडकीतून हाका मारते, आणि समोर आमच्या दारात स्टूल टाकून बसलेले बाबा मला आनंदाने हात करतात.

परवा सरांनी सहज विचारलं, "वैशाली, तुझ्या खोलीत बाहेरचं कोणी येऊ शकत नाही, याची खात्री आहे ना?"

"येण्याचं सोडा, सर," मी म्हटलं. "मला जरा बाहेर जायचं होतं. तुम्ही काकूंना एक फोन कराल का?"